मधलीला हाक

ऑफिस, धक्का रस्ता
२ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. त्यात तू मला बहिरा म्हटलं आहेस, ती ओळ तुझ्या वहिनीने दोनदा वाचून दाखवली आणि दुसऱ्यांदा मुद्दाम मोठ्याने. तेव्हा बहिऱ्यालाही ऐकू आली. फोनवर मी नुसतं हं हं करतो ही तक्रार मात्र खरी आहे. म्हणून तर पत्र लिहितो. कागद ओरडायला लावत नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या चिरंजीवांनी थोरली विकली. मला विचारलं, मी हो म्हटलं, नाही म्हणून सांगतो कोणाला? किनाऱ्याकिनाऱ्याने सिमेंट आणि लाकूड नेणाऱ्या लहान जहाजाला आता कोण विचारतं, सगळा माल ट्रकने जातो. जहाजांची कागदोपत्री नावं मोठी भारदस्त होती, पण आपल्या घरात सुनांसारखी थोरली, मधली, धाकटी हीच चालली. धाकटी भंगारात गेली, मधली गेली ती गेलीच, आणि आता थोरलीही परक्याच्या घरी नांदायला निघाली. एकतीस तारखेला ऑफिसची किल्ली द्यायची आहे.

चिरंजीवांच्या मनात आहे की जुन्या लोकांना बोलवावं आणि कंपनीच्या इतिहासाचं एक छोटं पुस्तक हातात द्यावं. मी म्हटलं, घरात मास्तरीण असताना बाहेर लेखक कशाला शोधता? सगळ्या हाकवह्या ट्रंकेत भरून पाठवतो आहे. रोज संध्याकाळी सहाला ऑफिसातून वायरलेसवर प्रत्येक जहाजाला हाक द्यायची आणि ते कुठे आहे ते वहीत लिहायचं, हा आजोबांचा नेम तुला ठाऊकच आहे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या वह्या आहेत. शिंका येतील, नाकाला फडकं बांध.

मधलीबद्दल फार लिहू नकोस. खाडीच्या तोंडाशी गेली, काका आणि सहा जण गेले, एवढ्या दोन ओळी पुरेत. मेलेल्यांना कशाला उठवायचं?

गुडघ्यांना जप. माझ्यावरची माया निदान पुस्तक होईपर्यंत तरी टिकव.

तुझा
दादा


८ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

ट्रंक पोचली. हमालाने ती जिन्यावरून वर आणताना आत प्रेत आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, आमच्या घराण्याचं आहे.

निम्म्या वह्या वाचून झाल्या, बाकीच्या पान न पान चाळल्या. आजोबांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, पण माणूस मजेदार. पहिल्याच वर्षी त्यांनी लिहून ठेवलंय की थोरली लाकूड घेऊन आली, कॅप्टनचा दात दुखतो, लवंग पाठवावी. काठीवरही मी पुस्तकासाठी एक अख्खं प्रकरण लिहिलं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा, त्यावर फुटाफुटाचे लाल-पांढरे पट्टे रंगवलेली काठी, आणि ऑफिसच्या खिडकीतून दुर्बिणीने ती वाचणारं घरातलं पोर. पोरांचे डोळे तीक्ष्ण म्हणून ते काम पोरांचं. तीन लाटा जाऊ द्यायच्या, आणि पाणी सगळ्यांत खाली उतरेल तो आकडा सांगायचा. मोठ्यांनी स्वतः एकदा बघून मान डोलवली की मगच जहाज आत यायचं. सात ते नऊ ही तीन वर्षं हे काम माझ्याकडे होतं. त्यापेक्षा मोठ्या हुद्द्यावर मी पुढे कधीच गेले नाही.

आता भांडण. मधली गेली त्या दिवसाचं पान मूळचं नाही, दादा. मूळ पान कापून तिथे दुसरं चिकटवलंय. आजोबांनंतर वह्या लिहिणाऱ्या आपल्या आबांचं अक्षर आहे, पण घाईचं नाही, सावकाश काढलेलं. मधली: उत्तर आलं नाही. चौकशीत याच ओळीवर काकांना दोषी धरलं ना? पाणी न विचारता कॅप्टन आडमुठेपणाने आत शिरला म्हणून? जो माणूस घरातल्या जिन्याच्या पायऱ्या मोजून उतरायचा, तो भरलेलं जहाज घेऊन न विचारता आत येईल?

आणि त्याच्यापुढे तर डोकंच चालेना. बुडलेल्या जहाजाला रोज हाक दिल्याची नोंद आहे. मधली: हाक दिली. आधी बत्तीस वर्षं आबांच्या अक्षरात, मग ते गेल्यावर बारा वर्षं तुझ्या. एक दिवस चुकलेला नाही. तुझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही.

मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. तापाने फणफणले होते असं आई सांगायची. तापातून उठले ती थेट मावशीकडे, शाळा चांगली म्हणून.

मी हट्टाला पेटले आहे असं समज, पण कारण ऐक. गेल्या महिन्यात काकूकडे गेले होते. अठ्ठ्याहत्तरची झाली. भाजी आणायला अजून बाजाराला लांबचा वळसा घालून जाते, कारण सरळ वाट खलाशांच्या गल्लीतून जाते. मी विचारलं तर म्हणाली, तुझ्या काकाने सहा घरं बुडवली, मी कोणत्या तोंडाने त्यांच्या दारावरून जाऊ. हे ती चव्वेचाळीस वर्षं करते आहे, दादा. काकांची चूक नसेल तर ते छापून आलं पाहिजे, आणि काकू आहे तोवर आलं पाहिजे. दोन ओळींत मी हे गुंडाळणार नाही.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी रागाचं पत्र पाठव, पण पाठव.

तुझी
छोटी


१२ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

खोटं लिहायला बसलो होतो. दोन कागद फाडले. या वयात खोटं बोलायलाही अंगात बळ लागतं, ते उरलं नाही.

काकांनी पाणी विचारलं होतं. मी वायरलेसवर होतो, बावीस वर्षांचा, मिशीला नुकतं वळण द्यायला लागलेला. बाहेर समुद्राला फुगवटा येत होता, लाटा वाढत होत्या. बाहेर थांबावं की आत यावं असा प्रश्न होता. भरलेल्या मधलीला आठ फूट पाणी लागायचं. मी खिडकीतून बघितलं आणि नऊ सांगितलं. होतं साडेसहा. ती वाळूवर टेकली, आडवी झाली, आणि पुढच्या दहा मिनिटांत लाटांनी तिचे दोन तुकडे केले. हे सगळं याच खिडकीतून दिसलं. आबांनी त्याच आठवड्यात पान बदललं. पोटच्या पोराला वाचवायला बापाने मेलेल्या भावाला बुडवलं, असं म्हण. माझ्यासमोर तेच सत्य आहे.

हाकेचं विचारतेस. आबा पहिल्या दिवशी सवयीने बसले. थोरलीला हाक दिली, धाकटीला दिली, आणि तोंडातून मधलीचं नाव गेलं. थोडी खरखर झाली, आणि काका बोलले. पाणी किती, एवढंच विचारलं. मी दारात उभा होतो. आबांच्या हातातली पेन्सिल मोडली.

तेव्हापासून रोज. सहाला पाच कमी असताना मी खुर्ची ओढून बसतो. हाक दिली नाही तर खरखर थांबत नाही, रात्री घरी उशीखाली ऐकू येते, म्हणून देतो. दुसऱ्या कॅप्टनांना ते कधी ऐकू गेलं नाही. आबांनी खरा आकडा सांगून पाहिला, मी सांगून पाहिला, माफी मागून पाहिली. काही उपयोग नाही. अकरा वर्षांपूर्वी तो जुना सेट बंद करून नवा घेतला, तारा मी स्वतःच्या हाताने उपटल्या. जुना नुसताच कोपऱ्यात ठेवलाय, आणि तरीही तोच बोलतो. ऑफिस सोडायला एवढा चटकन तयार का झालो ते आता कळलं असेल.

छापायचं तर माझं नाव घाल. पण आणखी खोलात जाऊ नकोस, एवढं ऐक. मोठा भाऊ म्हणून आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही.

जीव थाऱ्यावर नाही. तू मात्र आहेस तशीच राहा.

दादा


१७ मार्च

ती. दादास,
सा. न.

खुशाली विचारत नाही, सांगतही नाही.

तुझं पत्र वाचून रडले, आणि रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. तुला सातवीत जाड भिंगांचा चष्मा लागला. दुर्बिणीतून काठी तुला धुक्यासारखी दिसायची, त्यावरून काका तुझी टर उडवायचे. तू कधी आकडा वाचलाच नाहीस. मग नऊ कोणी वाचले?

परवा तुला डॉक्टरकडे न्यायचं आहे, परतायला रात्र होईल असं वहिनीने सांगितलं होतं. म्हणून परवाच आले. तिच्याकडून किल्ली घेतली, वह्या ऑफिसातल्या कागदांशी पडताळायच्या आहेत अशी थाप मारली. तिच्यावर रागावू नकोस. दुपारभर रिकाम्या ऑफिसात बसले. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, कपाटांना चिठ्ठ्या, खिडकीच्या कठड्यावर माझ्या कोपरांनी घासून गुळगुळीत झालेली जागा अजून तशीच. जुना सेट कोपऱ्यात होता. मी मुद्दाम मागे जाऊन पाहिलं. एकही तार नाही.

सहाला मी हाक दिली.

काका बोलले. पाणी किती एवढंच विचारतात असं तू लिहिलं होतंस. त्याआधीचा शब्द तू खाल्लास. टिटवे, म्हणाले. टिटवे, पाणी किती? अगदी पूर्वीसारखं, हसत. मी खिडकीतून चिरक्या आवाजात आकडा ओरडायची म्हणून ते नाव त्यांनीच ठेवलं होतं, आणि त्यांच्याशिवाय मला त्या नावाने कोणी हाक मारत नसे. चव्वेचाळीस वर्षांत मी तो शब्द ऐकला नव्हता.

मग सगळं आठवलं. ताप नव्हता आला, दादा. निदान तोपर्यंत नव्हता. दुपारी नव्या चपला आल्या होत्या, खोक्यात होत्या, आणि मला त्या घालून धक्क्यापर्यंत चालून यायचं होतं. काकांनी विचारलं. मी दुर्बीण लावली. एक लाट पाहिली, वर चढलेली, आणि ओरडले नऊ. तीन लाटांना थांबायला मला वेळ नव्हता.

मी उत्तर न देता पळाले. जिन्यात पडता पडता वाचले. किल्ली वहिनीच्या हातात कोंबली आणि चहाही न घेता बस धरली. आता सगळं लिही. लपवायला काही उरलेलं नाही.

छोटी


२० मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद. आज ते नेहमीसारखे लिहिलेले नाहीत, मनापासून आहेत.

तू नऊ वर्षांची होतीस. माणसाला बाकी काही आठवलं नाही तरी चालेल, एवढं तू आधी आठव.

नेम काय होता ते तूच लिहून काढलं आहेस. पोराने वाचायचं आणि मोठ्याने बघून मान डोलवायची. काकांना तुझा आवाज ऐकायला आवडायचा म्हणून आम्ही यंत्र तुझ्या तोंडाशी धरायचो. त्या दिवशीही धरलं. मला दिसत नव्हतं हे खरं, पण मग आबांना बोलवायचं होतं. आबा शेजारच्या खोलीतच होते. बावीस वर्षांच्या वाघाला बापाला हाक मारायची लाज वाटली. मी न बघता मान डोलवली आणि तू बोललीस. मी तुझ्यावर पांघरूण घातलं असं समजू नकोस. जे लिहिलं त्यातलं पाप माझंच आहे, फक्त आकडा तुझा होता.

मधली आडवी झाली तेव्हा तू दुर्बिणीला डोळा लावून उभी होतीस. आबांनी तुला उचलून नेलं तरी दुर्बीण सोडत नव्हतीस. त्या रात्री ताप चढला. सहा दिवसांनी उतरला तेव्हा तुझ्या डोक्यातून सगळं पुसलं गेलं होतं. देवाने पुसलं ते आपण पुन्हा लिहायचं नाही, असं आबा म्हणाले. पान त्यासाठी बदललं. तुला मावशीकडे त्यासाठी पाठवलं. काका रोज तुझं नाव घेऊन विचारत होते, आणि तू त्या घरात असतीस तर कधीतरी ऐकलंच असतंस. सुट्टीत तुला कधी ऑफिसात येऊ दिलं नाही, सहाच्या आत कोणीतरी तुला फिरायला नेलं, याचं कारण एवढंच होतं. शाळा काही फार चांगली नव्हती.

आता ऐक. पुस्तकात हे येऊ देऊ नकोस. आबा गेले, काका गेले, झाकली मूठ झाकलेली राहू दे. काकूच्या या वयात तिला काय सांगायचं? दर गुढीपाडव्याला मी फळं घेऊन तिच्याकडे जातो. ती माझ्या पाठीवरून हात फिरवते. तो हात मी कसा सहन करतो ते माझं मला माहीत. ती आता थोड्या दिवसांची आहे, तिला शांतपणे जाऊ दे. अकरा दिवसांनी ऑफिसही नसेल.

भ्याड म्हणशील. म्हण. पण तुटू नकोस.

दादा


२३ मार्च

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच, आणि घरात कोणी असेल तेव्हा वाच.

काकांनी पाणी विचारलं होतं. ते न विचारता आत शिरले नाहीत. आकडा मी सांगितला. नियम तीन लाटांचा होता, मी एक पाहिली. दादाने न बघता मान डोलवली. आबांनी वहीतलं पान बदलून काकांवर दोष जाऊ दिला. सहा घरं तुझ्या नवऱ्याने बुडवली नाहीत. ती आम्ही बुडवली, आणि काकांनाही.

मला हे सगळं गेल्या आठवड्यात आठवलं. रोज सहाला ऑफिसातल्या जुन्या सेटवर काका अजून पाणी विचारतात, आणि मला विचारतात. मी स्वतः ऐकलं. आबांनी आणि दादाने चव्वेचाळीस वर्षं घाबरत ऐकलं, दादाने तर सेटच्या ताराही उपटल्या.

पुस्तक छापायला गेलं. त्यात हे सगळं आहे, माझ्या नावानिशी. दादा नको म्हणत होता. मग काल त्याने कापलेलं मूळ पान पाकिटात घालून पाठवलं, सोबत एक अक्षरही लिहिलं नाही. आबांच्या पेटीत होतं म्हणे, वहिनी सांगत होती. तेही छापते आहे. एकतीसला ऑफिस सोडायचं आहे.

क्षमा मागत नाही. ती मागायला मी अजून तुझ्यासमोर उभीही राहिलेली नाही. तू बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तरी मनातून काढू नकोस.

तुझी
छोटी


२६ मार्च

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, समजून घे. दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं हे पत्र नव्हे.

घरात कोणी असेल तेव्हा वाच म्हणालीस. माझ्या घरात कोण असणार? मी बसून वाचलं. दूध उतू गेलं, पातेलं काळं झालं.

नऊ वर्षांच्या पोरीवर राग धरून मी काय करू? माझ्या लग्नात तू माझ्या मांडीवर झोपली होतीस. तुझा हिशेब तिथेच मिटला. तुझ्या दादाचा मिटलेला नाही. दर वर्षी माझ्या हातचं खाऊन गेला. मी त्याला विचारायची, तुझे काका असं कसं रे वागले? आणि तो खाली मान घालून संत्री सोलायचा. त्याला सांग, या वर्षी फळं आणू नकोस. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. जगले तर मीच कळवीन.

हे सगळं मी एक दिवस गिळलं. दुसरी गोष्ट गिळवत नाही. तू ती अशी सहज लिहून गेलीस, जणू काही ती तुमचीच भानगड आहे.

ते बोलत होते. रोज. माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर, रोज सहाला ते बोलत होते. तुझे आबा ऐकत होते, दादा ऐकत होता, घाबरत होते, तारा उपटत होते. चव्वेचाळीस वर्षांत तुमच्यापैकी एकालाही वाटलं नाही का, की हिला एकदा बोलवावं? मला त्यांच्या आवाजाची भीती वाटली असती असं कोणी ठरवलं? पहिल्या वर्षी मी त्यांचे सदरे धुतले नव्हते, वास जाईल म्हणून. दुसऱ्या वर्षी वास गेला. पाचव्या-सहाव्या वर्षी आवाज कसा होता तेही आठवेना, आणि ते कोणाला सांगायचीही सोय नव्हती. ज्याने सहा घरं बुडवली त्याचा आवाज आठवत नाही म्हणून कोणापुढे रडायचं?

तीस तारखेला सकाळी ये. पुस्तकं आली असतील तर सात प्रती आण. आधी आपण गल्लीत जाऊ. इंजिनवाल्याची बायको अजून आहे, दुपारी निजते, म्हणून अकराच्या आत गेलं पाहिजे. बाकीच्या घरांत मुलं-सुना आहेत, त्यांना तू वाचून दाखव. मला दम लागतो, आणि हे तुझ्याच तोंडून गेलेलं बरं. कोणी दार लावून घेतलं तर उंबऱ्यावर प्रत ठेवू आणि पुढे जाऊ.

मग संध्याकाळी मला ऑफिसात ने. जिना उंच आहे, हाताला धरून चढव. दादाला पाच मिनिटं आधी दिवे लावून ठेवायला सांग, मला कमी दिसतं. सेटपाशी खुर्ची मांडून द्या, हाक कशी द्यायची ते एकदा दाखवा, आणि तुम्ही दोघं खाली जाऊन उभे राहा. दार ओढून घ्या. मी बोलावल्याशिवाय कोणी वर येऊ नका.

आशीर्वाद तुला एकटीला.

काकू